निधान

प्रत्येक शाळेच्या कार्यालयात एक जाडजूड नोंदवही असते. महाराष्ट्रात जा की कर्नाटकात, ती एकाच नावाने ओळखली जाते : डेडस्टॉक रजिस्टर. बाके, फळे, घंटा, भिंतीवरचे नकाशे, प्रयोगशाळेतला सांगाडा, जे जे वापरून संपत नाही ते सारे या वहीत. मुख्याध्यापक बदलला की जुन्याने नव्याला ही वही मोजून द्यायची. २०१४ साली खानापूर तालुक्यातल्या या शाळेचा कार्यभार मी घेतला, तेव्हा या वहीत मला एक नोंद दिसली. ‘लाकूड कातण्याचे यंत्र, नग एक, १९७४.’ यंत्र मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होते. त्याच्यावर मोडक्या बाकांचा ढीग, ढिगावर पोती, आणि पुलीच्या खोबणीत कुंभारमाशीने बांधलेले मातीचे घर.

एके काळी आमच्या शाळेत सुतारकाम हा विषय होता. मुले लाटणी, भोवरे, ताकाच्या रव्या, पलंगाचे खूर करीत. विषय शिकवणारे गुरुजी निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही, आणि यंत्र जिवंतपणीच डेडस्टॉक झाले. शाळा कमिटीच्या बैठकीत दरवर्षी एक सूचना येई : ते बिडाचे धूड भंगारात काढा, शेड मोकळी करा, तिथे संगणक ठेवू. सूचना वावगी नव्हती. संगणक हवेच होते. पण मी मराठीचा माणूस, यंत्राच्या नोंदीतला ‘कातणे’ हा शब्द मला सोडवेना.

आपण सूत कातो आणि लाकूडही कातो. संस्कृतात ‘कृत्’ नावाचे दोन धातू आहेत. एकाचा अर्थ कापणे, दुसऱ्याचा सूत कातणे. आमचा कातारी ही दोन्ही कामे एकदम करतो. लाकूड चातीसारखे फिरते आणि फिरता फिरता कापले जाते. नाकीडोळी नीटस माणसाला आपण ‘कातीव चेहऱ्याचा’ म्हणतो, तेव्हा तो चेहरा कुणीतरी लेथवर चढवून उतरवला आहे, हेच नकळत बोलत असतो. आपल्या या टापूला तर या कामाचा शेजार जुना. घाट उतरला की सावंतवाडीची चितारआळी, धारवाडच्या बाजूला कलघटगीचे रंगीत पाळणे, आणि दूर बडोद्याकडे गेलेल्या आपल्या मंडळींच्या दिवाणखान्यात संखेड्याचे झोपाळे. या साऱ्यांची गंमत एकच. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरायची. घासण्याच्या उष्णतेनेच लाख वितळते आणि लाकडावर चढते. विस्तव लागत नाही.

असो. यंत्र जागे झाले ते शब्दामुळे नव्हे, मल्लखांबामुळे.

आमच्या शाळेची जी काही ओळख पंचक्रोशीत आहे ती मल्लखांबाची. दहावीच्या निकालाने आम्ही कधी वर्तमानपत्रात आलो नाही. पण पंधरा ऑगस्टला तालुक्याच्या मैदानावर आमची पोरे खांबाला बिलगली की मामलेदारसुद्धा चहा खाली ठेवतात. ही विद्या पेशवाईच्या अखेरीस, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा उभी केली असे परंपरा सांगते. तिची मुळे त्याहून जुनी. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मल्लांच्या खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख येतो. ती कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. म्हणजे खेळ मराठी की कानडी, असा वाद घालणाऱ्याला घालू द्यावा. आपण तेवढ्या वेळात चार उड्या माराव्यात. २०१३ साली मध्य प्रदेश सरकारने मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान दिला, तेव्हा उज्जैन-इंदूरकडच्या आमच्या पाहुण्यांनी फोन करून आमचेच अभिनंदन केले होते.

२०१८ चा पावसाळा आमच्याकडे जोराचा झाला. खानापूरचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला जास्त सांगायला नको. ऑगस्टच्या शेवटी क्रीडाशिक्षकांनी सहज खांबाच्या बुडाशी खिळा टोचून पाहिला, तर खिळा लोण्यात जावा तसा आत गेला. लाकूड जमिनीत पुरलेले असले की सगळ्यात आधी कुजते ते मातीच्या कडेशी, जिथे हवा आणि ओल दोन्ही भेटतात. वरचा खांब तेल पिऊन शिसवासारखा चकाकत होता, खाली मातीलगत भुसा. त्याच दिवशी खांबाला दोरी बांधून ‘चढू नये’ अशी पाटी लावली.

पाटी लावली खरी, पण पोरांचे चेहरे पाहवेनात. त्यातल्या चौघांच्या घरी वेगळाच विचार शिजत होता, तो मला ठाऊक होता. पुढच्या वर्षी मुलांना बेळगावच्या इंग्रजी शाळेत घालायचे, रिक्षा ठरवायची. ही मुले आमच्याकडे थांबली होती ती बऱ्याच अंशी त्या खांबासाठी. सीमाभागातल्या मराठी शाळेचा मुख्याध्यापक पट मोजताना बोटांवर मोजतो. एका वर्गातून चार मुले गेली की पुढचे सारे हिशेब बदलतात. तेव्हा खांब म्हणजे नुसते लाकूड नव्हते.

नवा खांब विकत घ्यायचा तर शाळेच्या शिलकीत तेवढे पैसे नव्हते. मार्ग निघाला तो एका माजी विद्यार्थ्याच्या पडत्या घरातून. त्याच्या आजोबांचे घर उतरवून तिथे स्लॅब घालायचा होता. त्याने एक सागवानी तुळई शाळेला दिली. सात इंच चौरस, बारा फूट लांब, साठ-सत्तर वर्षे चुलीचा धूर खाऊन वाळलेली. अशा लाकडाला आता पीळ पडायचा नाही की भेग जायची नाही. दोन्ही टोकांच्या खाचा कापून टाकल्यावर साडेनऊ फूट निर्दोष लाकूड उरत होते. मुलांच्या खांबाला नेमके तेवढेच हवे होते. सात फूट जमिनीवर, अडीच फूट जमिनीत. बुडाशी घेर वीस इंच, वर निमुळता होत तेरा, मग मान, आणि मानेवर बोंड.

लाकूड मिळाले, पण ते कातणार कशावर? आमच्या लेथच्या दोन टोकांमधले अंतर होते चार फूट. लेथची रचना साधी असते. डावीकडे हेडस्टॉक, तो लाकडाला फिरवतो. उजवीकडे टेलस्टॉक, तो नुसते टोक टेकवून धरतो. दोन्ही ज्या बिडाच्या पाटावर बसतात तो बेड. बेड जेवढा लांब तेवढेच लाकूड चढणार. चार फुटी यंत्रावर साडेनऊ फुटी खांब म्हणजे लाटण्याच्या पोळपाटावर भाकरी थापण्यासारखे. सुचवणारे बरेच होते. दोन तुकडे कातून सांधा, असे एक जण म्हणाला. पण ज्या खांबावर मूल उलटे लटकणार तो सांध्याचा असून चालत नाही. रंध्याने हाताने गोल करा, असे दुसरा म्हणाला. तसे करता येते, पण चोख गोलाई येणे कठीण, आणि ज्याच्या मांडीला खांब रोज घासतो त्याला एवढासा उंचवटाही कळतो.

शेवटी मी मेस्त्रींकडे गेलो.

मेस्त्री जातिवंत बडिगेर. घरची भाषा कानडी, शिक्षण आमच्याच शाळेत मराठीतून सातवीपर्यंत. वय तेव्हा सत्तरीच्या पुढे. गुडघे गेल्यामुळे काम सोडलेले. मुलगा गोव्यात ॲल्युमिनिअमच्या खिडक्या बसवतो. घरातली हत्यारे तेल लावून पेटीत निजवलेली. मेस्त्रींना मी अडचण सांगितली. ते तंबाखू मळत ऐकत राहिले, आणि म्हणाले, “सर, माझ्या बापाच्या लेथला बेडच नव्हता की.”

मग त्यांनी सांगितले ते ऐकून मी खुर्ची पुढे ओढली. जुन्या कातारी मंडळींचे यंत्र जमिनीवर मांडलेले असे. दोन ठोकळे, दोघांना लोखंडी टोके, मध्ये लाकूड. लाकडाला दोरीचे दोन वेढे देऊन एक जण दोरी आळीपाळीने ओढी. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे. कातारी जमिनीवर बसून पुढच्या फेऱ्याला पटाशी लावी, मागच्या फेऱ्याला उचली. त्यात लांबीची अडचणच नव्हती. लाकूड लांब आले तर दुसरा ठोकळा उचलून लांब रोवायचा. “बेड म्हणजे काय सर, जमीनच. तुमच्या कंपनीवाल्यानं जमीन चार फुटांवर कापली. आपण जोडायची.”

दुसऱ्या दिवशी मेस्त्री काठी टेकत शेडमध्ये आले. गणपतीला दोन आठवडे होते. त्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली, हेडस्टॉकचा शाफ्ट हाताने फिरवून कान लावला आणि म्हणाले, “जिवंत आहे.”

जोड बेड कशाचा करायचा यावरून पहिली चर्चा झाली. आमचे विज्ञान शिक्षक तरुण, हुशार. त्यांचे मत लोखंडी चॅनेल घ्यावे आणि बेळगावच्या उद्यमबागेत नेऊन वरची बाजू यंत्रावर सपाट करून घ्यावी. बेळगाव म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांचे गाव, तिथे हे काम चुटकीसरशी होईल. मेस्त्री म्हणाले, करा की, पण चॅनेल झणझणतं. लाकडाची थरथर लाकूडच पितं. त्यांना हव्या होत्या मत्तीच्या दोन तुळया. मत्ती म्हणजे आपला ऐन. जड, चिवट, कुजायला नाखूश. माझ्या वाडवडिलांनी ज्या झाडाला ऐन म्हटले त्याला मेस्त्रींच्या वाडवडिलांनी मत्ती म्हटले, आणि दोघांच्याही घरांच्या तुळया त्याच झाडाच्या. शिवाय पैशांचा प्रश्न होताच. ऐनाच्या तुळया एका सॉमिलवाल्या पालकाने फुकट दिल्या, त्यामुळे चर्चा आपोआप मिटली.

साडेसहा फुटी दोन तुळया, मध्ये बिडाच्या बेडमध्ये होती तेवढीच फट, म्हणजे टेलस्टॉक सरकवून या नव्या लाकडी बेडवर नेता येईल. जुन्या बेडच्या टोकाशी सहा इंच शेजारी-शेजारी धरून जाड पट्ट्यांनी बोल्ट कसायचे. दुसऱ्या टोकाखाली काँक्रीटचा चौथरा, त्यात बोल्ट आधीच गाडलेले. चौथरा बांधला आमच्या गवंडीकाम करणाऱ्या एका पालकाने, एका रविवारी. पंधरा दिवस त्याला पाणी मारले नववीच्या मुलांनी.

दुसरी चर्चा झाली रेषेवरून, आणि ती मला अजून आठवते. नव्या बेडवर टेलस्टॉकचे टोक हेडस्टॉकच्या टोकासमोर बरोबर यायला हवे. एरवी हे तपासणे सोपे असते. टेलस्टॉक सरकवून दोन्ही टोके एकमेकांना टेकवायची. इथे दोघांत दहा फुटांचे अंतर. विज्ञान शिक्षकांनी दोरा ताणला. दोरा कितीही ताणा, मध्ये थोडा झोल राहतोच. पण झोल फक्त खाली पडतो, डावीउजवीकडे पडत नाही. म्हणून डावेउजवे पाहायला दोरा आणि ओळंबा, आणि उंची पाहायला गवंड्याची पाण्याची नळी. नळीच्या दोन्ही तोंडांशी पाणी एकाच पातळीला उभे राहते, मध्ये नळी कितीही वेडीवाकडी पडलेली असो. मुलांना पुस्तकातला तो धडा त्या दिवशी दिसला. शिक्षक पत्र्याच्या चकत्या तुळयांखाली सारून केसाएवढा फरक काढत होते. एक दिवस गेला, दुसरा गेला.

तिसऱ्या दिवशी मेस्त्री म्हणाले, “साकु, मास्तर. बस झालं.”

“अजून अर्धा दोरा फरक आहे,” शिक्षक म्हणाले.

“असू द्या की. भोक पाडायचं असतं तर केस बघायला पाहिजे होता. खांबाला दोन टोकं दिली की आपली रेघ तो आपण शोधतो. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत जी रेघ धरंल तीवर गोल होईल. तुम्ही टोकं हलू देऊ नका म्हणजे झालं. वाकडं लाकडाला मारत नाही, ढिलं मारतं.”

विज्ञान शिक्षकांनी कागद काढून आकृती मांडली आणि मान्य केले. हाताने पटाशी धरून दोन टोकांमध्ये लाकूड कातताना गोलाई येते ती लाकडाच्या स्वतःच्या अक्षाभोवती. टोक किंचित बाजूला असेल तर गोलाई बिघडत नाही. बिघडते ते एवढेच की फिरवणारा काटा लाकडात थोडा थोडा चाळवला जातो, भोक मोठे होत जाते, आणि मग साठ किलोचे ओझे ढिले पडते. म्हणून काट्यासाठी टोकावर करवतीने फुलीच्या खाचा पाडून तो खोल ठोकून बसवला, आणि दर तासाला यंत्र बंद करून टेलस्टॉक कसायचा असा नियम केला.

हिशेबाची बाजू मात्र विज्ञान शिक्षकांनी पक्की सांभाळली. ते म्हणाले, मध्यभागी तेवढाच दाब दिला तर लांबी दुप्पट झालेल्या दांड्याचे वाकणे दुप्पट होत नाही, आठपट होते. आमचा खांब जाड, तो स्वतःच्या वजनाने जेमतेम अर्धा मिलिमीटर झुकणार, त्याची काळजी नव्हती. पण प्रत्येक दांड्याला स्वतःचा असा एक कंप असतो, आणि फिरण्याचा वेग त्या कंपाशी जुळला की दांडा धनुष्यासारखा बाहेर फेकला जाऊ लागतो. त्यांनी आमच्या खांबासाठी तो वेग ढोबळमानाने काढला. मिनिटाला सुमारे चौदाशे फेरे. आणि आमच्या मोटारीवर लिहिलेले होते, १४४०. सगळे जण एकमेकांकडे पाहू लागले. उतावळेपणाने पट्टा सरळ चढवला असता तर काय झाले असते ते त्या दोन आकड्यांनीच सांगितले.

मोटारीचा वेग उतरवण्यासाठी मध्ये एक जादा शाफ्ट घातला. मोटारीची तीन इंची पुली शाफ्टच्या नऊ इंची पुलीला जोडली, १४४० चे ४८० झाले. शाफ्टवरच्या दुसऱ्या तीन इंची पुलीवरून हेडस्टॉकच्या सहा इंची पुलीवर, ४८० चे २४०. मेस्त्रींना हे आकडे सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “निधान.”

आमच्या भागातल्या वाचकांना हा शब्द समजावून सांगायला नको, पण इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांसाठी सांगतो. कानडीत ‘निधान’ म्हणजे सावकाश, दमाने. एसटीतून उतरणाऱ्या म्हातारीला कंडक्टर म्हणतो, निधान. बाळाला पहिल्यांदा चालवताना आई म्हणते, निधान. आणि मराठीत निधान म्हणजे ठेवा, गुप्तधन. संतांच्या अभंगांतून तो शब्द आपल्या घरात आला आहे. अक्षरे तीच, उच्चार जवळपास तोच, आणि सीमेच्या या बाजूचा माणूस ‘हळू’ म्हणतो तेव्हा त्या बाजूच्या माणसाला ‘ठेवा’ ऐकू येतो. मला एम.ए.च्या वर्गात हे कुणी शिकवले नव्हते. शेडमध्ये शिकलो.

तुळईत जुने खिळे असतील या धास्तीने प्रयोगशाळेतले लोहचुंबक दोऱ्याला टांगून मुलांनी इंच इंच पाहिले. सतरा खिळे निघाले. वाकसाने कोपरे उडवून चौकोनाचा अष्टकोन केला. मग खांब यंत्रावर चढवला. आठ जणांनी उचलला, मेस्त्री कानडीत मोजत होते, “ओंदु, एरडु, मूरु.” शेडमध्ये चुन्याची रेघ मारून मुलांना तिच्या पलीकडे उभे केले. शाळेत मी कितीही मवाळ असलो तरी त्या रेघेच्या बाबतीत नव्हतो.

यंत्र सुरू झाले. अष्टकोनी लाकूड फिरताना आधी धूसर दिसते, कडा आहेत असे वाटते पण दिसत नाहीत. गोल पटाशी टेकली की ‘खट खट खट’ असा आवाज. कडा उडत जातात तसतसा आवाज जुळत जातो, आणि एका क्षणी तो अखंड होतो. तो क्षण डोळे मिटूनही कळतो. दोन फूट झाले की टेकण पुढे सरकवायचे, असे पाच वेळा. मध्यभागी पटाशी लागताच लाकूड थरथरू लागे आणि अंगावर वळ्या उमटत. म्हणून मधला एक हातभर पट्टा आधी गोल करून तिथे आधार उभा केला. तीन बाजूंनी तीन चाके, स्कूटरच्या बेअरिंगची, गॅरेजवाल्याकडून आणलेली. चाके लाकडाला धरून ठेवत नव्हती, फक्त पलीकडे जाऊ देत नव्हती. थरथर तिथल्या तिथे थांबली.

मेस्त्रींच्या गुडघ्यांना अर्ध्या तासापेक्षा उभे राहवत नसे. मग ते स्टुलावर बसून सांगत आणि पटाशी धरी दहावीतला एक मुलगा. गणितात त्याची नेहमीच ओढाताण, वर्गात खिडकीबाहेर पाहणारा. घरी कानडी, शाळेत मराठी, आणि तिसरीकडे कुठेच जायचे नाही असे त्याने मनोमन ठरवलेले. मेस्त्रींनी त्याच्या कोपरावर काठी टेकवून ठेवली होती. कोपर अंगापासून सुटले की काठी बोचे. “हातानं नको कापू, अंगानं काप. पायावरून डुल. निधान, निधान.” चौथ्या दिवशी एक अठरावा खिळा, जो चुंबकालाही चुकवून आत मोडून राहिला होता, पटाशीला लागला. ठिणगी उडाली, धार तुटली. मुलगा पांढराफटक पडला. मेस्त्रींनी पटाशी हातात घेतली, धारेवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, “आता धार लावायला शीक. हे खिळ्यानं सांगितलं, मी नाही.” तो दिवस धार लावण्यात गेला. कातणे पुढे सरकले नाही आणि कुणाला त्याची घाईही वाटली नाही.

मान आणि बोंड मात्र मेस्त्रींनी स्वतः केले. मान हा खांबाचा सगळ्यात बारीक भाग, आणि मुले उलटी लटकताना तिच्यावरच भार. तिथे वाजवीपेक्षा एक पापुद्रा जास्त गेला तरी सारी तुळई फुकट. त्या दुपारी शेडमध्ये चाळीस मुले होती आणि आवाज फक्त पटाशीचा. मेस्त्रींचा हात एरवी चहाचा कप धरताना थरथरायचा. पटाशी टेकणावर ठेवली की थांबायचा. मी विचारले तर म्हणाले, “टेकायला जागा मिळाली की हात हलत नाही सर.”

२०१८ च्या खंडेनवमीला शेडमध्ये पूजा झाली. लेथला झेंडू, पटाशांना कुंकू, संगणकासाठी साठवलेल्या टेबलावर नारळ. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, खांब मैदानात उभा राहिला. खड्ड्यात खडी आणि मुरूम घातला, बुडाला डांबराचे दोन हात दिले, आणि मातीच्या वर चार बोटे उतरता कट्टा बांधला, म्हणजे पाणी खांबाशी थांबणार नाही. एरंडेल चोळून खांब निसरडा आणि चिवट झाला. पहिल्यांदा चढली ती सहावीतली एक मुलगी, कारण मुले ‘तू आधी, तू आधी’ करीत राहिली आणि तिने वाट पाहिली नाही.

ज्या चौघांसाठी माझा जीव टांगणीला लागला होता त्यांतले तिघे राहिले, एक गेला. सगळेच राहिले असे लिहिता आले असते तर मला आवडले असते, पण लेखात पट वाढवून दाखवण्याची सोय नसते. गेलेला मुलगा सुट्टीत येतो आणि आधी मैदानात जातो, मग घरी.

शेडमध्ये संगणकही आले. दहा फुटी लेथ भिंतीला लागून राहिला, संगणक दुसऱ्या बाजूला. तालुक्यातल्या एका देवळाच्या सभामंडपाचे खांब, दोन घरांच्या जिन्यांचे कठडे त्यावर कातले गेले. ऐनाच्या तुळया पावसाळ्यात किंचित फुगतात, टेलस्टॉक जड सरकतो, मग पत्र्याची एक चकती काढायची, उन्हाळ्यात पुन्हा घालायची. ते आता मुलांना पाठ आहे. मेस्त्री २०२१ मध्ये गेले. त्यांची हत्यारांची पेटी त्यांच्या मुलाने गोव्याला नेली नाही, आमच्या शेडमध्ये आणून ठेवली. तो पटाशीवाला मुलगा आयटीआय करून उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सीएनसी लेथ चालवतो. तिथे बटण दाबले की लोखंड आपोआप कातले जाते. मी विचारले, मेस्त्रींचे काही उपयोगी पडते का? म्हणाला, “आवाज पडतो सर. कडा सुटली की स्क्रीनच्या आधी मला कळतं.”

लांबी वाढवायची म्हणजे काय करायचे, हे मी त्या पाच आठवड्यांत पाहिले. दोन्ही टोके घट्ट असावी लागतात. मध्ये आधार असावा लागतो, पण त्याने आवळून धरायचे नसते. वेग उतरवावा लागतो. आणि रेषा आपण केसाने मोजत बसायची नसते, ती ज्याची त्याला सापडते. दोन भाषांच्या मध्ये वाढणाऱ्या मुलांचा मुख्याध्यापक म्हणून यातले किती घ्यायचे आणि किती लाकडापुरते सोडायचे, हे मी प्रसंगी ठरवतो. मराठीच्या तासाला घरचा कानडी शब्द निसटलेल्या मुलाला पूर्वी बाकीचे हसत. आता मी त्याला तो शब्द फळ्यावर लिहायला लावतो आणि शेजारी मराठी शब्द लिहून घेतो. वेळ जातो. अभ्यासक्रम थोडा मागे पडतो.

आठवीच्या सहामाहीला मी समानार्थी शब्दांत ‘निधान’ मुद्दाम घालतो. निम्मी मुले ‘ठेवा’ लिहितात. निम्मी ‘हळूहळू’ लिहितात. मराठीच्या पेपराला मराठीच अर्थ हवा, तेव्हा नियमाने दुसऱ्याला गुण देता येत नाही. मी देत नाही. फक्त उत्तर खोडायला लाल पेन उचलतो आणि तसाच खाली ठेवतो.